प्रभातफेरीपासून पालकसभेपर्यंत

स्मरणिकेसाठी काही तरी लिहून द्या, असा चिटणीसबाईंचा निरोप आला, तोवर पाककृती, ओव्या आणि आरोग्य हे विषय वाटून झालेले होते. ज्या बाईचा सारा जन्म जिल्हा परिषदेच्या शाळांत गेला, तिच्या वाट्याला शाळाच यावी हे ओघानेच आले. परंतु अभ्यासक्रम, परीक्षा आणि निकाल यांविषयी मी लिहिणार नाही. शाळा भरण्यापूर्वी आणि शाळा सुटल्यानंतर मुले गावात येऊन जे करीत आली, ती प्रभातफेरी, ते श्रमदान, तो साक्षरतेचा वर्ग आणि ती मदतनिधीची पेटी, यांचा आपल्या हिंगोली परिसरातील इतिहास मला सांगावयाचा आहे. हे सारे म्हणजे पोरांची हौस, अभ्यासाला लागलेले शेपूट, असे पुष्कळांना वाटते. मला तसे वाटत नाही. गावाने शाळेला जागा दिली, लाकूड दिले, माती वाहिली, हे प्रत्येक शाळेच्या समारंभात सांगितले जाते. शाळेने गावातील बायकांना उंबऱ्याबाहेर पाऊल टाकण्यास निमित्त दिले, हे मात्र कोणी सांगत नाही. ते सांगण्याची जागा महिला मंडळाची स्मरणिका नसेल तर दुसरी कोणती असणार?

आपला जिल्हा वयाने लहान आहे. १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्यातून तो वेगळा झाला आणि हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ व वसमत हे पाच तालुके त्याच्याकडे आले. परंतु येथील शाळांची गोष्ट त्याहून पुष्कळ जुनी आहे. ती समजण्यासाठी निजामाच्या राजवटीपर्यंत मागे जावे लागते. त्या काळी प्राथमिक शाळेला तहतानिया, मधल्या शाळेला वस्तानिया आणि हायस्कुलाला फोकानिया म्हणत. वरच्या वर्गांत गणित, इतिहास, भूगोल सारे उर्दूतून चाले. १९१८ साली हैदराबादला उस्मानिया विद्यापीठ निघाले, तेही उर्दू माध्यमाचे. देशी भाषेतून उच्च शिक्षण देण्याचा तो हिंदुस्थानातील पहिलाच मोठा प्रयोग होता आणि त्या दृष्टीने तो गौरवास्पदही होता. पण ज्यांची घरची भाषा मराठी, तेलुगू किंवा कानडी होती, त्या बहुसंख्य प्रजेला त्याचा उपयोग किती?

माझे वडील त्या उर्दू शाळेत शिकले. उर्दूवर त्यांचा राग मुळीच नव्हता. म्हातारपणीही ते शेर म्हणत आणि त्यांची दाद द्यायला शेजारचे मुसलमान मित्रच येत. भाषेत खोट नव्हती. खोट इतकीच होती की, मुलगा शाळेत काय शिकून आला हे घरातल्या आईला कळण्याचा काही मार्गच नव्हता. मुलगा मोठ्याने धडा म्हणे आणि आजी चुलीपुढे बसून तो मंत्र ऐकावा तसा ऐके. शाळा आणि घर यांच्यामध्ये अशी भिंत उभी होती. पुण्यात सावित्रीबाई व जोतीराव फुले यांनी १८४८ साली मुलींची शाळा काढली. आपला मराठवाडा निजामाच्या राज्यातून मुक्त झाला तो १९४८ साली. बरोबर शंभर वर्षांचे हे अंतर ध्यानात ठेवले म्हणजे आपल्या आज्यांच्या अंगठ्यांना शाई का लागत होती, हे निराळे सांगावे लागत नाही.

त्या राज्यात खासगी शाळा काढावयाची तर सरकारची परवानगी लागे. सार्वजनिक सभा भरवावयाची तर ‘गश्ती निशाण ५३’ हा हुकूम आडवा येई. उघड राजकारणाला वाव नव्हता, म्हणून लोकांनी वाचनालये काढली, आखाडे काढले, गणेशोत्सवात व्याख्याने ठेविली आणि जेथे जमेल तेथे राष्ट्रीय शाळा चालविल्या. उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यातील हिप्परगा येथे १९२१ साली निघालेली राष्ट्रीय शाळा अशांपैकीच एक होती. हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते स्वामी रामानंद तीर्थ तेथे मुख्याध्यापक होते आणि पुढे ते अंबाजोगाईच्या योगेश्वरी विद्यालयात गेले. आपल्या भागातील स्वातंत्र्याचा लढा ज्या पुरुषाने चालविला, तो वकील नव्हता, जहागीरदार नव्हता, शाळामास्तर होता, ही गोष्ट मी प्रत्येक वर्गाला सांगत आले. आज नांदेडच्या ज्या विद्यापीठाला आपल्या जिल्ह्यातील महाविद्यालये जोडलेली आहेत, त्याला त्यांचेच नाव आहे.

विद्यार्थ्यांनी स्वतःच्या पायावर उभे राहून केलेली पहिली मोठी चळवळ १९३८ सालच्या अखेरीस झाली. वसतिगृहात प्रार्थनेच्या वेळी ‘वंदे मातरम्’ म्हणण्यास बंदी झाली आणि औरंगाबाद व हैदराबाद येथील विद्यार्थ्यांनी ती मानण्याचे नाकारले. शेकडो विद्यार्थ्यांची नावे कमी करण्यात आली. त्यांचे शिक्षण तेथेच संपावयाचे, पण नागपूर विद्यापीठाने दार उघडले आणि बहुतेकांना पुढे शिकता आले. पुढे देशाचे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव हे त्याच चळवळीतील एक विद्यार्थी. ह्या मुलांपैकी पुष्कळजण नंतर मुक्तिसंग्रामाचे कार्यकर्ते झाले आणि पुष्कळजण शिक्षक झाले. दोन्ही कामे त्यांना वेगळी वाटली नाहीत.

१९४७ च्या ऑगस्टमध्ये भारत स्वतंत्र झाला आणि आपण पारतंत्र्यातच राहिलो. त्या महिन्यापासून पुढच्या सप्टेंबरपर्यंतचे वर्ष ह्या भागातील घराघरांनी सोसले. कित्येक विद्यार्थ्यांनी शाळा-कॉलेजे सोडली. आपल्या उत्तरेला पैनगंगा. तिच्यापलीकडे विदर्भ, म्हणजे स्वतंत्र हिंदुस्थान. उमरखेडला लढ्याचे शिबिर होते आणि नदी ओलांडून माणसांचे जाणे-येणे चाले. वसमत तालुक्यातील वापटीचे बहिर्जी शिंदे ह्या लढ्यात हुतात्मा झाले. वसमतला त्यांच्या नावाने विद्यालय उभे राहिले आणि पुढे महाविद्यालयही. हुतात्म्याचे स्मारक म्हणून लोकांनी शाळा निवडावी, यात आपल्या भागाची समजूत दिसून येते.

त्या वर्षीची माझ्या आईची एकच आठवण होती. रात्री वाटेने जाणाऱ्या अनोळखी पोरांसाठी दुरडीत चार भाकरी जास्त ठेवावयाच्या, आणि त्या कोणासाठी हे कोणी विचारावयाचे नाही. तिला लिहिता-वाचता येत नव्हते. तिचे नाव कोणत्याही यादीत नाही. अशा भाकरी आपल्या सर्वांच्याच घरातून गेल्या असतील. १३ सप्टेंबर १९४८ रोजी पोलीस कारवाई सुरू झाली आणि १७ सप्टेंबरला निजाम शरण आला. त्यानंतरच्या दिवसांत निरपराध मुसलमान शेजाऱ्यांनाही फार सोसावे लागले, हेही येथे नमूद केले पाहिजे. इतिहास सांगावयाचा तर दोन्ही बाजूंचे अश्रू सांगावेत. पुढे एकाच बाकावर बसून ती दुखणी विसरायला लावण्याचे काम ज्या जागेने केले, ती जागाही शाळाच होती.

मुक्तीनंतर शाळा मराठीत बोलू लागली. वरवर पाहता हा माध्यमाचा बदल होता. खरे पाहता घर आणि शाळा यांच्यामधील भिंत त्या दिवशी पडली. मुलगा काय म्हणतो आहे, हे आईला पहिल्यांदाच समजू लागले. इमारती कोठे होत्या? एखादा वर्ग मारुतीच्या देवळात, एखादा चावडीत, एखादा कोणाच्या पडक्या वाड्यात. २ ऑक्टोबर १९५२ रोजी देशात सामूहिक विकास योजना सुरू झाली आणि ‘श्रमदान’ हा शब्द खेड्यापाड्यांत पोचला. मुलांनी दगड वेचावयाचे, बाप्यांनी भिंत रचावयाची आणि बायांनी पाणी, माती व शेण आणावयाचे, अशी विभागणी असे. कितीतरी शाळांच्या जमिनी आपल्या आयांनीच पहिल्यांदा सारविल्या. उद्घाटनाच्या पाटीवर मात्र त्यांची नावे शोधू नका.

प्रभातफेरी ही तेव्हा शाळेची सर्वांत मोठी ऐट. २६ जानेवारी, १५ ऑगस्ट आणि आपल्याकडे विशेष म्हणजे १७ सप्टेंबर, ह्या दिवशी पहाटे मुले रांगेने गावातून निघत. पुढे झेंडा, मागे लेझीम, मध्ये घोषणा. खेड्यातील लोकांना ही गोष्ट परकी वाटली नाही, याचे कारण आपल्या मातीतच आहे. संत नामदेवांचे जन्मगाव मानले जाणारे नर्सी आपल्याच जिल्ह्यात आहे. ज्या नामदेवांची पदे शिखांच्या गुरुग्रंथसाहिबात आहेत, ते गात गात पंजाबपर्यंत गेले. चालावे, गावे आणि गाता गाता शिकवावे, ही रीत येथे सातशे वर्षांची आहे. गावाने प्रभातफेरीला दिंडीच मानले. बाया तांब्याभर पाणी घेऊन दारात उभ्या राहत आणि पोरांच्या पायावर ओतीत. मुले ओशाळत, पण आत कोठेतरी त्यांची मान ताठ होई. पुढाऱ्याच्या भाषणाला ज्या बाया कधी गेल्या नसत्या, त्या झेंड्यासाठी ओसरीवर आल्या, कारण झेंडा त्यांच्याच पोराच्या हातात होता.

ह्या फेरीत सुरुवातीस मुली नसत. असल्याच तर दोन-चार, त्याही मास्तरांच्या घरच्या. मी चौथीत असताना आम्हा मुलींना पहिल्यांदा रांगेत घेतले, ते डोक्यावर कळस देऊन. तेव्हा आम्हाला फार आनंद झाला. पुढे शिक्षिका झाल्यावर मला प्रश्न पडू लागला की, मुलांच्या हातात झेंडा आणि मुलींच्या डोक्यावर कळसच का? रांगोळी मुलींनी काढावयाची, स्वागतगीत मुलींनी म्हणावयाचे, चहा मुलींनी द्यावयाचा. आणि बालसभेचा अध्यक्ष, बालवीरांचा नायक, क्रीडामहोत्सवाचा संचालक मुलगा. हे उपक्रम आपोआप समता शिकवीत नसत. घरातील पंगतीचे नियम शाळेच्या अंगणातही येत. जी गोष्ट मुलींची, तीच जातीची. माझ्या लहानपणी एका गावी शाळेच्या माठाला कोणी हात लावावा यावरून कुजबुज होई. ती कुजबुज कोणा भाषणाने थांबली नाही. श्रमदानात सर्व वस्त्यांतील मुलांनी मिळून रस्त्यावर मुरूम टाकला, सर्वांना सारखीच तहान लागली आणि गुरुजींनी स्वतः एका दलित मुलाच्या हातून पाणी घेतले. मग बाकीच्यांना वेगळे राहता येईना. तो रस्ता दोन पावसाळ्यांत वाहून गेला. माठाभोवतीची कुजबुज मात्र पुन्हा माझ्या कानी आली नाही.

आता मी त्या उपक्रमाकडे येते, ज्याला माझ्या मते आपल्या भागातील स्त्रियांच्या इतिहासात मोठे स्थान दिले पाहिजे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला, १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा कामाला लागल्या. प्राथमिक शाळा त्यांच्याकडे आल्या. त्याच सुमारास ग्रामशिक्षण मोहीम आली. ही मोहीम १९५९ साली सातारा जिल्ह्यात सुरू झाली आणि पुढे राज्यभर नेण्यात आली. योजना सोपी होती. गावातील निरक्षर प्रौढांना सुमारे चार महिने रात्रीचे वर्ग घेऊन लिहावयास-वाचावयास शिकवावयाचे, शिकविणाऱ्यांनी मोबदला घ्यावयाचा नाही, आणि गाव साक्षर झाले म्हणजे ग्रामदेवतेसमोर शपथ घेऊन ‘ग्रामगौरव समारंभ’ करावयाचा. शिक्षक तर शिकवीतच, पण माणसे पुरत नसत. तेव्हा वरच्या वर्गातील मुले हाताशी धरली गेली.

पुरुषांचा वर्ग चावडीत भरे. बायांचे काय करावयाचे? चावडीत त्या येणार नाहीत आणि गुरुजींसमोर तोंड वर करणार नाहीत. मग बायांचा वर्ग ओसरीवर भरवावयाचा आणि शिकवावयास शाळेतील मुलींनी जावयाचे, असे ठरले. मी तेव्हा सहावीत होते. जेवणे झाली, भांडी घासून झाली की आम्ही तिघी-चौघी पाट्या घेऊन निघत असू. कंदील ज्या घरचा त्या घरचे रॉकेल, आणि दर आठवड्याला घर बदलावयाचे, म्हणजे कोणावर भार नको. समोर बसलेल्या बाया म्हणजे कोणी काकू, कोणी मावशी, कोणी मैत्रिणीची आजी. आमच्या विद्यार्थिनींत माझी आईही होती. दिवसभर तिने मला रागवावे आणि रात्री मी तिचा हात धरून ‘अ’ गिरवून घ्यावा, असा तो प्रकार होता. तिला त्याची लाज वाटत नसे. मलाच वाटे.

त्या वर्गातील एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. सही शिकवावयाची म्हणजे स्वतःचे नाव, नवऱ्याचे नाव, आडनाव. बाया स्वतःचे नाव आनंदाने गिरवीत. नवऱ्याचे नाव आले की हात थांबे. जन्मभर जे नाव उखाण्याखेरीज तोंडातून काढले नाही, ते पाटीवर लिहावयाचे कसे? एका काकूंनी त्यातून वाट काढली. त्या नाव लिहीत आणि कोणी वाचण्याच्या आत तळहाताने पुसून टाकीत. आम्ही म्हणालो, “काकू, असं पुसलं तर तुम्हाला येतं हे आम्हाला कळावं कसं?” त्या म्हणाल्या, “मला कळलं ना, झालं तर.” पुढे त्यांनी सोसायटीच्या कागदावर पूर्ण सही केली आणि ती पुसली नाही.

अक्षरे आली म्हणजे काय झाले, असे आजच्या मुली विचारतील. पलटणीतल्या मुलाचे पत्र शेजारच्या पोराकडून वाचून घेण्याची पाळी टळली. बसची पाटी वाचता आली. दुकानदाराच्या वहीतील आकडा कळला. आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे, ज्या शाळेच्या मुली आपल्या ओसरीवर आल्या त्या शाळेत आपणही जाऊ शकतो, असे बायांना वाटू लागले. त्याच काकू एकदा डोक्यावर पदर घेऊन शाळेच्या दारात उभ्या राहिल्या आणि गुरुजींना म्हणाल्या, “माझ्या नातीचं नाव पटावर आहे का, तेवढं मला वाचू द्या.” नाव होते, परंतु मुलगी दोन महिने गुरे राखावयास जात होती. त्या दिवसापासून ती शाळेत दिसू लागली. आमच्या गावातील पहिली पालकसभा कोणती, असे मला कोणी विचारले तर मी ही सांगेन. तिला न अध्यक्ष होता, न इतिवृत्त.

मोहिमेत उणीव नव्हती असे नाही. समारंभ झाला, तोरणे उतरली आणि पुष्कळ ठिकाणी वाचावयास पुढे काहीच आले नाही. ना पुस्तके, ना वर्तमानपत्र. शिकलेले अक्षर वापरले नाही तर ते गंजते. काही बाया पुन्हा अंगठ्यावर गेल्या. म्हणूनच १९८८ साली राष्ट्रीय साक्षरता मिशन निघाले आणि त्या पाठोपाठ जिल्ह्या-जिल्ह्यांत साक्षरतेचे वर्ग पुन्हा भरवावे लागले. त्या वेळी मी शिक्षिका होते आणि माझ्या विद्यार्थिनी ओसरीवर जाऊ लागल्या. २०११ च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे पावणेबारा लाख भरली आणि साक्षरतेचे प्रमाण शंभरात सुमारे अठ्ठ्याहत्तर. ह्या आकड्यामागे सरकारचा पैसा व शिक्षकांचे श्रम आहेत तसे कंदिलाच्या उजेडात आईचा हात धरणाऱ्या पोरीही आहेत.

संकटाच्या वेळी शाळा काय करते, हेही आपण पाहिले आहे. १९७२ च्या दुष्काळात मी नुकतीच नोकरीला लागले होते. आईबाप खडी फोडावयास जात आणि मुले मागून. पट रिकामा झाला. दुष्काळी कामांवर सुकडी मिळू लागली, तशी मुलांच्या अंगात थोडी धुगधुगी आली. थोरली मुले आपल्या वाटची सुकडी फडक्यात बांधून धाकट्या भावंडांसाठी नेताना मी पाहिली आहेत. तो कोणत्याही योजनेतला उपक्रम नव्हता. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला आणि हजारो माणसे झोपेतच गेली, तेव्हा आमच्या शाळेतील मुलांनी दोन दिवस गावभर हिंडून ज्वारी, चादरी व भांडी गोळा केली. ज्या घरात एकच पायली ज्वारी होती, त्या घरानेही ओंजळभर दिली. औंढा नागनाथच्या महाशिवरात्रीला रांगेतील यात्रेकरूंना पाणी देणे, हिंगोलीच्या दसऱ्याच्या गर्दीत चुकलेली मुले आईबापांकडे पोचविणे, ही बालवीर-वीरबालांची कामे तर नेहमीचीच. मुलांना भूगोल कितपत आला हे परीक्षा सांगे. दुसऱ्याचे दुःख त्यांना कितपत आले, हे अशा वेळी कळे.

कालांतराने उपक्रमांची संख्या वाढली. २००० साली संत गाडगेबाबांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान आले आणि मुलांच्या हाती पुन्हा झाडू आला. शाळेत शिजविलेली खिचडी मिळू लागली आणि ती शिजविण्यास गावातीलच बाया व बचतगट पुढे आले. दूरच्या वाड्या-तांड्यांवरील मुलींसाठी मानव विकास कार्यक्रमाच्या बसगाड्या व सायकली आल्या. आईबाप ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर गेले तरी मुले गावातच राहून शिकावीत, म्हणून मराठवाड्यात हंगामी वसतिगृहे चालविली गेली. मूल रात्री झोपावयाचे आजीकडे आणि जेवावयाचे शाळेच्या आधाराने. ह्यापैकी कोणतीही योजना गावातील स्त्रीवाचून एक दिवस चालत नाही. मार्च २०२० मध्ये करोनामुळे शाळांना कुलपे लागली, तेव्हा कित्येक गावी शिक्षकांनी देवळाच्या ओट्यावर, झाडाखाली, कोणाच्या ओसरीवर पाच-सात मुले बसवून शिकविले. ते पाहून मला साठ वर्षांपूर्वीचा कंदील आठवला. इमारत बंद झाली तरी शाळा कोठे जाते, हे गावाला ठाऊक होते.

भगिनींनो, हा सर्व इतिहास मी केवळ गोड आठवणी म्हणून सांगितला नाही. त्याचे प्रयोजन पुढे आहे. मुलांच्या शिक्षणहक्काचा २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याप्रमाणे प्रत्येक सरकारी शाळेला शाळा व्यवस्थापन समिती असावी, तिच्यात तीनचतुर्थांश सभासद पालक असावेत आणि एकंदर सभासदांत निम्म्या स्त्रिया असाव्यात, असे ठरले. आपल्या आया पदर सावरून ज्या दारात उभ्या राहिल्या, त्या दाराच्या आत आता आपल्याला कायद्याने खुर्ची दिली आहे. शाळेचा पैसा कोठे खर्च व्हावा, मुलींची न्हाणीघरे नीट आहेत की नाहीत, शिक्षक वेळेवर येतात की नाही, हे विचारण्याचा अधिकार दिला आहे. आणि आपण काय करतो? पुष्कळ ठिकाणी सभेची वही घरी येते, उभ्या उभ्या सही होते आणि वही परत जाते. ज्या सहीसाठी चार महिने रॉकेल जाळले, ती सही आपण न वाचता करतो.

तिकडे गावातील शाळेचा पट घटत चालला आहे. पिवळ्या गाड्या सकाळी येतात आणि मुलांना इंग्रजी शाळेला घेऊन जातात. आईबापांना मी दोष देत नाही. आपल्या मुलाचे भले व्हावे असे कोणाला वाटत नाही? परंतु वीसपेक्षा कमी मुले असलेल्या शाळा एकत्र करून समूहशाळा करण्याची भाषा २०२३ साली राज्यात सुरू झाली, तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. शाळा तीन-चार कोसांवर गेली तर मुलगा सायकलने जाईलही. मुलगी मात्र घरी बसेल. आणि जी शाळा गावात उरणार नाही, तिची प्रभातफेरी कोणाच्या दारावरून जाईल? तिची मुले कोणाच्या आजीला अक्षर शिकवतील? पिवळ्या गाडीतून गेलेल्या मुलाला गावाचे सुखदुःख ओसरीवरून दिसत नाही, खिडकीतून दिसते.

म्हणून ह्या वर्धापनदिनी मंडळापुढे मी तीन लहान गोष्टी ठेवते. मंडळातील ज्या भगिनी शाळा व्यवस्थापन समितीवर आहेत, त्यांनी सभेपूर्वी एक दिवस येथे जमावे, विषयपत्रिका वाचावी आणि काय विचारावयाचे ते ठरवून जावे. दुसरे, आठवड्यातील एक संध्याकाळ मंडळाची खोली मुलांच्या वाचनासाठी उघडी ठेवावी. वाचून दाखविण्यास आपल्यातील आज्या पुरेशा आहेत. तिसरे, येत्या १७ सप्टेंबरला प्रभातफेरी आपल्या गल्लीत येईल तेव्हा दूरचित्रवाणी बंद करून सर्वांनी दारात यावे, तांब्या असला तर तांब्या घेऊन. आणि गुरुजींना आधीच सांगून ठेवावे की, ह्या वेळी झेंडा मुलीच्या हातात द्या.

ह्या कामांना वर्गणी लागत नाही, पाहुणेही लागत नाहीत. माझी आई शेवटपर्यंत सही करताना एक एक अक्षर मोठ्याने म्हणत असे, आणि झाल्यावर कागद उजेडाकडे धरून एकदा पुन्हा वाचून पाही. सभेची वही पुढच्या वेळी दारी येईल, तेव्हा आपण निदान तेवढे करावे, इतकीच विनंती.